वणीच्या मुलींना जगाचा अभ्यासक्रम हवा

मे संपत आला की वणी-दिंडोरी रस्त्यावर 'इंटरनॅशनल' नावाच्या शाळांचे फ्लेक्स लागतात. जूनमध्ये त्यांच्या पिवळ्या गाड्या गल्लीबोळात येऊ लागतात. पालक पोटाला चिमटा काढून मुलाला त्या गाडीत बसवतात. त्याची बहीण मात्र गावातल्या मराठी शाळेत राहते. शाळा जवळ पडते, फी नाही आणि शेवटी मुलीची जात, अशी कारणं सांगितली जातात. मी वणीत मुलींच्या शाळेत सहावी ते आठवीला इतिहास-भूगोल शिकवते. ही वाटणी मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. म्हणून आज एक गोष्ट स्पष्ट मांडते. जगाचं भान देणारा अभ्यासक्रम सगळ्यांत आधी हवा आहे तो मागे राहिलेल्या या बहिणीला. तो मराठीतून हवा आहे आणि त्यासाठी शाळेची पाटी बदलायची गरज नाही.

कुणी म्हणेल, सप्तशृंगीच्या पायथ्याच्या गावाला परदेशाचं काय पडलंय? या गावाचा संसारच परदेशावर चालतो, हे त्याचं उत्तर. आमच्याकडची द्राक्षं जानेवारीपासून न्हावाशेवा बंदरातून रॉटरडॅमला निघतात. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. २०२४ च्या हंगामात बरीच जहाजं सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालून गेली आणि वीस-पंचवीस दिवसांचा प्रवास महिन्याच्या पुढे गेला. मालाच्या टिकाऊपणाची काळजी इथल्या घराघरांत होती. त्याआधी २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात त्या औषधाचे अंश सापडल्यामुळे युरोपने आपली द्राक्षं नाकारली होती. त्या फटक्याचे हप्ते कितीतरी घरांनी पुढची अनेक वर्षं फेडले. बांगलादेशाने द्राक्षावरचा आयात कर वाढवला की इथल्या शिवारात भाव उतरतो.

कांद्याचं तर विचारूच नका. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आलं आणि ८ डिसेंबरला सरसकट निर्यातबंदी. ती उठायला पुढच्या वर्षीचा मे उजाडला. त्या महिन्यांत सहलीचे पैसे भरता आले नाहीत, म्हणून वर्गात मान खाली घालून बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. आपल्या घरात पैसा का नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या भावांना ते थोडंफार ठाऊक होतं. भाऊ बापाबरोबर पिकअपमध्ये बसून मार्केटला जातो, लिलाव ऐकतो, व्यापाऱ्याचं बोलणं ऐकतो, चहाच्या टपरीवर शुल्क आणि बंदीच्या गप्पा ऐकतो. मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली की तिचं फिरणं कमी होतं. शाळा, घर, धाकट्या भावंडांना सांभाळणं आणि सुट्टीत बागेतलं काम. मुलाचं जग रुंदावतं त्याच वयात मुलीचं आखडतं. सहावी ते आठवी ही तीन वर्षं म्हणूनच मोलाची आहेत. मुलाला बाजार जे शिकवतो, ते मुलीला शिकवायला शाळेखेरीज दुसरी जागा नाही.

'आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम' म्हणजे नेमकं काय, तेही पाहू. १९६८ साली जिनिव्हात सुरू झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेने १९९४ मध्ये साधारण अकरा ते सोळा वयाच्या मुलांसाठी एक कार्यक्रम आणला. मुंबई-पुण्याच्या ज्या शाळा तो चालवतात, त्यांची वर्षाची फी काही लाखांत असते. पण त्याचा गाभा साधा आहे. कोणताही धडा सहापैकी एखाद्या व्यापक संदर्भात ठेवून शिकवायचा: माणसाची ओळख आणि नाती, स्थळ-काळाचं भान, अभिव्यक्ती आणि संस्कृती, विज्ञान आणि तंत्र, जागतिकीकरण आणि शाश्वतता, न्याय आणि विकास. विषयांमधल्या भिंती पाडायच्या, मुलांना प्रश्न विचारायला लावायचे आणि शेवटी प्रत्येकाने एक प्रकल्प पुरा करायचा. यात इंग्रजीतूनच शिकलं पाहिजे असं काही नाही, वातानुकूलित वर्ग हवा असंही नाही. हे सहाही संदर्भ आमच्या एका द्राक्षबागेत भेटतात.

मागच्या हंगामात सातवीच्या वर्गात मी निर्यातीचा एक रिकामा बॉक्स नेला. एका मुलीची आई पॅकहाऊसमध्ये कामाला आहे, तिच्याकडून तो मिळाला. मुलींनी त्यावरचं लेबल अक्षर अक्षर लावून वाचलं: वाण, वजन, देशाचं नाव, पॅकिंगची तारीख, पॅकहाऊसचा क्रमांक आणि आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ. ती ओळ कशाची, यावर बराच वाद झाला. ती बागेच्या नोंदणीची होती. शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेने २००६ मध्ये ग्रेपनेट ही नोंदणी व्यवस्था सुरू केली, तेव्हापासून निर्यातीच्या प्रत्येक बागेला असा क्रमांक मिळतो आणि परदेशातल्या दुकानातला घड कोणत्या शिवारातून आला, इथपर्यंत माग काढता येतो. मग आम्ही पृथ्वीगोल काढला. दोन रंगांचे दोरे घेतले. एक मुंबईहून सुएझमार्गे रॉटरडॅमला लावला, दुसरा केप ऑफ गुड होपला वळसा घालून. दुसरा दोरा पहिल्याच्या दीडपटीहून लांब भरला. इतके दिवस जास्त लागले तर डिझेल किती, भाडं किती, घडाचा देठ हिरवा राहील का, असे प्रश्न मुलीच विचारू लागल्या. गुणोत्तर आणि प्रमाणाचं गणित त्या दिवशी भूगोलाच्या तासाला झालं.

त्यानंतर शेवटच्या बाकावरून एक प्रश्न आला. 'बाई, हा नंबर कुणाच्या नावावर असतो?' मी म्हटलं, सातबारा ज्याच्या नावावर त्याच्या. दुसऱ्या दिवशी मुली घरून सातबारा पाहून आल्या. आजोबा, वडील, काका, चुलत आजोबा. आईचं किंवा आजीचं नाव फार थोड्या उताऱ्यांवर निघालं. बागेत डिपिंग, विरळणी आणि पॅकहाऊसमध्ये घड साफ करणं ही कामं मुख्यतः बायकाच करतात, हे मुलींनीच फळ्यावर लिहिलं. मग मी त्यांना आमच्या शेजारच्या चांदवडची गोष्ट सांगितली. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन तिथे भरलं आणि लाखोंच्या संख्येने शेतकरी बायका आल्या. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून द्यावी, असं आवाहन झालं. ज्या शरद जोशींनी हे उभं केलं, ते स्वित्झर्लंडमध्ये बर्नला, जागतिक टपाल संघटनेत अधिकारी होते. तिथून परतून त्यांनी आंबेठाणला कोरडवाहू शेती धरली. जग पाहिलेला माणूस गावाच्या प्रश्नाकडे किती वेगळ्या नजरेने पाहतो, याचं उदाहरण मुलींना घराजवळच मिळालं. न्याय आणि विकास हा संदर्भ मी फळ्यावर लिहिलाच नाही, मुली आपणहून तिथे पोचल्या होत्या.

कांद्याच्या धड्यात आणखी एक गोष्ट मला साधायची असते. निर्यातबंदी झाली की आमच्या मुली रागावतात, ते रास्तच आहे. पण त्याच दिवसांत ढाक्यातल्या घरात कांद्याचा भाव कुठे गेला, हेही त्यांनी पाहावं असं मला वाटतं. २०१९ मध्ये भारताने कांदा थांबवला, तेव्हा बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. कांद्याशिवाय स्वयंपाक करा, असं आपण आचाऱ्याला सांगितल्याचं त्यांनी तिथे हिंदीतून बोलून दाखवलं. हे सांगितलं की मुली हसतात आणि मग गप्प होतात. मुंबईची चाळ, ढाक्याचं स्वयंपाकघर आणि वणीची चाळ, म्हणजे कांदा साठवायची चाळ, या तिन्हींचं म्हणणं एकेका गटाने मांडायचं, असा तास मी घेते. दुसऱ्याच्या जागी उभं राहून विचार करता येणं आणि तरीही आपली बाजू न सोडणं, याला मी आंतरराष्ट्रीय शिक्षण म्हणते. पुढे ग्रामसभेत, बचत गटात, कंपनीच्या बैठकीत या मुलींना त्याचा उपयोग होणार आहे.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही, मुलींच्या शाळांना तर मुळीच नाही. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागा सुरू झाली, तेव्हा मुलींना इंग्रजी आणि इतर विषय शिकवण्यावरून केवढं वादळ उठलं होतं. टिळकांच्या 'मराठा' पत्राने त्या अभ्यासक्रमावर कडक टीका केली. शाळा मात्र चालली आणि आजही चालू आहे. पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या, तिथे फ्रोबेलची बालशिक्षणाची पद्धत शिकल्या आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढून ती इथल्या मुलींपर्यंत आणली. महर्षी कर्व्यांच्या हाती टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली. नारुसे जिन्झो यांनी १९०१ मध्ये काढलेली ती संस्था डोळ्यांपुढे ठेवून कर्व्यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ उभं केलं. कल्पना जपानची, पण शिकवायचं मातृभाषेतून, आणि इंग्रजी एक विषय म्हणून. सत्तरी ओलांडल्यावर १९२९ मध्ये कर्वे जगाच्या प्रवासाला निघाले आणि ते विद्यापीठ प्रत्यक्ष पाहून आले. शंभर वर्षांपूर्वी त्यांनी आखलेली ही वाट आज वणीलाही तितकीच लागू पडते.

अलीकडचं उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं. मुलींची शाळेतली हजेरी हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालण्याचं त्यांचं काम सगळ्यांना माहीत आहे. पण मला त्यांचा दुसरा उपक्रम जास्त मोलाचा वाटतो. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा एकमेकांशी वैर असलेल्या देशांतल्या मुलांना त्यांनी संगणकाच्या पडद्यावर एकमेकांशी बोलायला लावलं. एका खेड्यातल्या मराठी शाळेतून हे झालं.

राज्याने स्वतःही प्रयत्न केला होता. २०१८ मध्ये महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापन झालं आणि जिल्हा परिषदेच्या काही शाळा त्याला जोडल्या. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी त्यात गाजली. मातृभाषेतून जागतिक दर्जाचं शिक्षण, हे त्या मंडळाचं ध्येय होतं. सरकार बदललं आणि मंडळ गुंडाळलं गेलं. त्या मंडळात सुधारण्यासारखं बरंच असेल. पण एका सरकारने लावलेलं रोप दुसऱ्याने उपटायचं, ही रीत मुलांच्या मुळावर येते. म्हणून मी आता मंडळाची वाट पाहायला सांगत नाही. मंडळं येतील आणि जातील. सध्याच्या बालभारतीच्या पुस्तकांतून हे उद्यापासून करता येतं.

कसं, ते सांगते. सहावीच्या इतिहासात 'प्राचीन भारत आणि जग' हा धडा आहे. तो पुस्तकात वाचून सोडू नका, मुलींना नाशिकच्या पांडवलेणीत घेऊन जा. तिथलं सतरा क्रमांकाचं लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने कोरून घेतलं, असं तिथला शिलालेख सांगतो. दूर उत्तरेतल्या दत्तामित्री नगरीचा हा माणूस दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या डोंगरात दान देऊन गेला. त्याच लेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे. एका आईने आपल्या पराक्रमी मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची कीर्ती दगडावर नोंदवून ठेवली. वणीच्या मुलीला जग आणि स्त्री या दोन्ही गोष्टी एकाच डोंगरावर भेटतात, तासाभराच्या एसटी प्रवासात.

सातवीत शेती. द्राक्षाच्या रोपाचा खुंट डॉगरिज, तो टेक्सासच्या रानातला. त्यावर बांधलेली थॉमसनची काडी कॅलिफोर्नियातून जगभर पसरलेली, तिचं मूळ पश्चिम आशियात. डाऊनी रोग अमेरिकेतून युरोपात पोचला, त्यावर फ्रान्समध्ये बोर्डो परिसरात १८८५ च्या सुमारास मोरचूद-चुन्याचं मिश्रण निघालं आणि तेच आज मुलींचे वडील बागेवर फवारतात. विज्ञान, भूगोल आणि इतिहास एका वेलीवर शिकवता येतो. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारखी शेतकऱ्यांची कंपनी आमच्याच तालुक्यात आहे. अशा ठिकाणी मुलींना वही-पेन घेऊन जाऊ द्या.

आठवीच्या भूगोलाचा पहिलाच धडा स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळेचा. दुसऱ्या देशातल्या शाळेशी ठरवून बोलल्याशिवाय तो मुलींच्या अंगवळणी पडत नाही. आपली शाळा सुटते तेव्हा तिथे किती वाजले असतील, हे आधी मुलींनीच काढायचं. नागरिकशास्त्रात संविधानाबरोबर संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार वाचायचा. भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला आहे. आणि वर्षाअखेर प्रत्येकीने गावाच्या एका प्रश्नावर प्रकल्प करायचा आणि तो ग्रामपंचायतीत उभं राहून मांडायचा.

सगळ्यांत अवघड, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं, शेवटी सांगते. सुरगाणा आणि पेठकडून कामाला आलेल्या कुटुंबांच्या मुली हंगामात आमच्या वर्गात येतात, किंवा येतच नाहीत. आई-बाप टोळीत उक्तं काम घेतात, थोरली मुलगी झोपडीवर धाकट्याला सांभाळते. आलेली मुलगी घरी कोकणा बोलते आणि वर्गात तोंड उघडत नाही. हॉलंडच्या मुलीशी पडद्यावर बोलायचं आणि शेजारच्या बाकावरच्या सुरगाण्याच्या मुलीची भाषा ऐकायचीही नाही, तर त्या शिक्षणाला आंतरराष्ट्रीय म्हणायचं तोंड आपल्याला उरत नाही. हंगामात आलेल्या प्रत्येक मुलीचं नाव दाखल्याची वाट न पाहता पटावर घ्या. तिला तिच्या डोंगराबद्दल, तिथल्या नागली आणि वरईबद्दल तिच्या भाषेत बोलू द्या. आमच्या वर्गात अशा एका मुलीने खाचरं कशी बांधतात, ते फळ्यावर काढून दाखवलं. बागाईतदारांच्या मुली तिला प्रश्न विचारत होत्या आणि ती उत्तरं देत होती. तिचं हंगामभराचं मौन त्या तासाला संपलं.

आक्षेप मला ठाऊक आहेत. मुलींना धड मराठी वाचता येत नाही, तिथे जगाचं काय घेऊन बसलात? वाचता यावं म्हणूनच हे हवं. आपल्या घरच्या बॉक्सवरचं लेबल आणि आपल्या कांद्यावरची बातमी मुलगी जीव लावून वाचते. शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचा भार आहे, हेही खरं. तो कमी झालाच पाहिजे आणि त्यासाठी आम्ही भांडत राहू. पण राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत. ते दिवस रांगोळी आणि भाषणांत घालवायचे की पॅकहाऊस, बाजार समिती आणि पांडवलेणीत, हे तर शाळेच्या हातात आहे. खर्च म्हणाल तर एक चांगला पृथ्वीगोल, वर्गाला पुरतील इतके नकाशासंग्रह, एक चालणारा पडदा आणि इंटरनेट. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना शाळेत यायला एसटीचा मोफत पास मिळतोच. आमच्या बागाईतदारांनी एका हंगामात काही बॉक्सची किंमत शाळेला दिली, तरी उरलेलं भागेल.

म्हणून वणी परिसरातल्या प्रत्येक पालकाला माझी विनंती आहे. शाळा व्यवस्थापन समितीची पुढची बैठक लागेल, तेव्हा तिथे जा आणि तीन गोष्टी मागा: पाचवी इयत्ता सरली की प्रत्येक मुलीच्या वर्गाला आठवड्यातून एक तास जगाचा, वर्षातून चार दिवस शाळेबाहेरचे, आणि हंगामी मजुरांच्या मुलींना विनाअट प्रवेश. समितीत निम्म्या जागा महिलांच्या असतात. आयांनी हा ठराव मांडावा, शिक्षकांनी त्याला अनुमोदन द्यावं. ज्या मुलींच्या आया जगासाठी द्राक्षं खुडतात, त्यांना त्या जगाचा हिशेब समजलाच पाहिजे, आणि त्या हिशेबात आपलं नाव लिहायला त्यांना शाळेनेच शिकवलं पाहिजे.